छाटीची फिर्याद : कायदा आणि लोकशाही यांविषयी प्रस्तावना

कायदा आणि लोकशाही हे दोन शब्द आपल्या व्यासपीठांवर आणि अग्रलेखांत इतक्या सलगीने एकत्र नांदतात, की त्यांचा परस्परसंबंध काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अनाठायी वाटावा. वस्तुतः हा संबंध स्वयंसिद्ध नाही. लोकशाहीचा मागमूस नसतानाही कायदा असू शकतो. तो लेखी, कलमवार, काटेकोर आणि अपिलाची सोय असलेलाही असू शकतो. आपल्याच देशात राज्यकारभाराच्या किल्ल्या परक्यांच्या हाती असताना कायद्याची पुस्तके जाडजूड होत गेली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. उलटपक्षी, लोकांनी भरघोस मतांनी निवडून दिलेल्या सत्तेलाही कायद्याची अडचण वाटू लागते आणि बहुमताचा कौल हाच काय तो न्याय, अशी तिची समजूत होऊन बसते, हेही जगात पुष्कळदा घडले आहे. तेव्हा या दोहोंचे नाते नेमके कोठे जुळते, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे, आणि या संग्रहातील लेख आपापल्या परीने तोच विचारतात. त्यांना प्रस्तावना लिहिण्याचे काम मजकडे आले, तेव्हा या नात्याचा शोध दिल्लीच्या संसदभवनापासून आरंभण्याऐवजी सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कुंभारी या गावापासून आरंभावा, असे मी ठरविले. ही निवड केवळ स्थानाभिमानाने केलेली नाही; कायदा आणि प्रजा यांची गाठ ज्या ठिकाणी रोज पडते, अशी जागा मला याहून जवळ दुसरी ठाऊक नाही.

कुंभारीच्या शिवारात विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे, आणि तिला गोदावरी परुळेकर यांचे नाव आहे. या वसाहतीत दुपारच्या वेळी कोणत्याही गल्लीत जावे, तर उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाया दिसतात. भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान पत्र्याच्या मापाने कात्रीने कापावयाचे, चिमूटभर तंबाखू त्यात पसरून ते वळावयाचे, तोंड नखाने दुमडून बंद करावयाचे आणि दोऱ्याने बांधावयाचे, हे काम हात इतक्या झपाट्याने करतात की पाहणाऱ्याची नजर मागे राहते. मजुरी हजार विड्यांवर ठरते. तेलंगणातून पिढ्यांमागे आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू, शेजारणीची कन्नड आणि बाजाराची मराठी, अशा तीन भाषा एकाच ओट्यावर चालतात. वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन दिल्या म्हणजे तपासणारा त्या चाळवतो आणि ज्या पसंत पडत नाहीत त्या बाजूला काढतो. या बाजूला काढण्याला धंद्यात ‘छाट’ म्हणतात. छाट विडीची मजुरी मिळत नसे. बरे, ती विडी परत बाईच्या हाती पडावी, तर तसेही पुष्कळ ठिकाणी होत नसे. पान गेले, तंबाखू गेली, दिवसाचा वेळ गेला आणि माल मालकाकडेच राहिला. पान मुळात फाटके दिले होते की वळणारीचा हात चुकला, याचा निवाडा कोणी करावयाचा? ज्याने माल नापसंत केला, त्यानेच. या छाटीची फिर्याद आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत कशी गेली आणि तेथून कोणत्या रूपाने परतली, हे मला या प्रस्तावनेत सांगावयाचे आहे. कारण कायदा आणि लोकशाही यांच्या नात्याविषयी मला जे म्हणावयाचे आहे, ते त्या प्रवासात जवळजवळ सगळे आले आहे.

परंतु त्याआधी सोलापूरने कायद्याचे जे दुसरे रूप भोगले, त्याचे स्मरण करणे अवश्य आहे. १९३० च्या एप्रिलमध्ये लोकांनी निवडलेल्या सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकविला. मे महिन्याच्या आरंभी महात्मा गांधींना अटक झाली, ८ मे रोजी शहरात गोळीबार झाला, माणसे पडली, लोक खवळले आणि पुढील काही दिवस सरकारी अंमल शहरातून जवळपास उठला. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. डोक्यावर पांढरी टोपी घालणे हाही त्या दिवसांत गुन्ह्याचा विषय झाला. त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांवर खुनाचा खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. फिर्याद, साक्षीपुरावा, वकील, अपील या साऱ्या उपचारांनिशी ते प्रकरण चालले, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्या व्यवस्थेत कायदा नव्हता असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. कायदा होता, आणि त्याचे दप्तर चोख होते. उणीव होती ती एवढीच, की ज्यांच्यावर तो बजावला जात होता त्यांना तो बदलण्याचा मार्ग नव्हता. त्यांनी निवडलेल्या नगरपालिकेचा ध्वजसुद्धा त्या कायद्याला सहन झाला नाही.

याच शहरात त्याहूनही जुनी एक साक्ष आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी कित्येक जमातींच्या माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, आणि त्या कायद्यांच्या अंमलासाठी पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत वसविण्यात आली. आत राहणाऱ्याने हजेरी द्यावी, बाहेर जाताना परवाना घ्यावा, आणि दिवसभर गिरणीत राबून पुन्हा कुंपणाआड यावे, असा तो नियम होता. आईच्या पोटातून बाहेर पडण्यापलीकडे ज्या मुलाने काहीच केलेले नाही, त्याचे नाव पोलिसांच्या नोंदवहीशी आधीच जोडलेले असे. मुंबई राज्याने स्वातंत्र्यानंतर लवकरच आणि संपूर्ण देशाने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. सोलापूरच्या नकाशावर ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव अद्याप आहे, आणि तेथील कुटुंबांकडे पाहण्याची पोलिसांची व शेजाऱ्यांची नजर कायद्याइतक्या तातडीने रद्द झाली नाही, ही खंत या जिल्ह्यातील कोणाही सुज्ञ माणसाला वाटल्यावाचून राहणार नाही. मतपेटीने आणलेल्या सरकारने हा कलंक पुसला, हे लोकशाहीच्या खात्यावर जमा केले पाहिजे. आणि पुसल्यानंतरही डाग राहिला, हे तिच्या नावे पडलेले देणे मानले पाहिजे.

आता विडीकडे वळू. राज्यघटना अमलात येऊन वर्षही झाले नव्हते, तेव्हाच विडीचा धंदा सर्वोच्च न्यायालयापुढे उभा राहिला. मध्य प्रांतात असा कायदा होता, की शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून सरकारने ठरविलेल्या गावांत त्या काळापुरते विड्या करण्यास मनाई करता येई. त्याविरुद्ध चिंतामणराव नावाच्या कारखानदाराने आणि त्याच्या एका कामगाराने दाद मागितली. १९५० च्या नोव्हेंबरात न्यायालयाने ती मनाई घटनाबाह्य ठरविली, कारण अशक्त, पंगू, म्हाताऱ्या बाया आणि लहान मुले, ज्यांना शेतात राबता येत नाही त्यांच्याही तोंडचा घास तिने हिरावून घेतला असता. त्या अर्जात मालक आणि मजूर एका बाजूला होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नंतरच्या प्रकरणांत हा योग पुन्हा फारसा आला नाही.

छाटीचा प्रश्न प्रथम आला तो किमान वेतनाच्या आडून. मुंबई सरकारने विदर्भातील विडी कामगारांचे किमान वेतन ठरविताना त्या अधिसूचनेतच छाटीला मर्यादा घातली आणि तंटा झाल्यास तो कोणापुढे न्यावा याचीही व्यवस्था लावून दिली. हेतू निर्मळ होता. कारण हजारी दर कितीही वाढविला, तरी मालकाला वाटेल तितक्या विड्या नापसंत करण्याची मुभा असली, तर वाढलेला दर छाटीच्या वाटेने परत त्याच्याच गल्ल्यात जातो, हे कोणाही वळणारीला कागदपत्रांवाचून कळते. परंतु गोंदियाच्या विडीपान व तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघाने या अधिसूचनेला आव्हान दिले, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने छाटीसंबंधीची कलमे रद्द केली. निकाल लिहिला तो न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, म्हणजे साताऱ्याच्या मातीतल्या आणि कामगारांच्या कायद्याचा विचार उदार दृष्टीने करण्याबद्दल ज्यांची ख्याती होती अशा न्यायाधीशांनी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की १९४८ च्या कायद्याने सरकारला वेतन ठरविण्याचा अधिकार दिला आहे. मालक-मजुरांतील कराराच्या इतर अटी बदलण्याचा नव्हे. छाटीची अट बदलणे इष्ट असेलही, पण तो अधिकार या कायद्यात नाही.

या निकालाने विदर्भातील कितीतरी घरांत त्या दिवशी निराशा झाली असेल, आणि तिच्याविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे. तरीही मी या निकालाला लोकशाहीचा पराभव म्हणणार नाही. कार्यकारी अधिकाऱ्याने चांगल्या हेतूने का होईना, पण जो अधिकार त्याला विधिमंडळाने दिलेला नाही तो वापरला, तर आज तो कामगारांच्या बाजूने वापरील आणि उद्या, खुर्चीवरचा माणूस बदलल्यावर, त्यांच्या विरुद्ध वापरील. १९३० च्या सोलापूरला हे कोणी समजावून सांगावयास नको. न्यायालयाने जणू कामगारांना मागचा दरवाजा बंद करून समोरचा दाखविला. तो दरवाजा होता संसदेचा, आणि लोक त्या दरवाज्याशी गेले. एका राज्याने नियम कडक केले की पान-तंबाखूची पोती उचलून धंदा सैल नियमांच्या दुसऱ्या राज्यात जातो, हा अनुभव जमेस धरून, राज्याराज्यांचे तुटक कायदे पुरेसे नाहीत हे ओळखून, १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांच्या नोकरीच्या शर्तींविषयीचा कायदा संमत केला. त्या कायद्याच्या एकोणचाळिसाव्या कलमात, मालकाने कच्चा माल देण्याबाबत, विड्या नापसंत करण्याबाबत आणि नापसंत विड्यांच्या मजुरीबाबत तंटा उपस्थित झाला, तर तो शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याने संक्षिप्त चौकशीने मिटवावा, अशी तरतूद आली. पाच वर्षांपूर्वी अधिसूचनेत जे टिकले नाही, तेच आता अधिनियमात बसले. शिवाय घरी बसून वळणारी बाई, जिला तोवर मालक आपली मजूर मानावयास तयार नसे, तिला या कायद्याने नाव घेऊन आत घेतले.

मालकांनी या कायद्यालाही आव्हान दिले. मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या प्रकरणात १९७४ साली तो टिकला. त्यानंतर भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न निघाला, आणि पुन्हा तोच जुना युक्तिवाद पुढे आला, की ही बाई आपल्या घरी, आपल्या वेळेने, मुलाबाळांच्या मदतीने वळते. तिच्यावर आमची देखरेख नाही. मग ती आमची नोकर कशी? पी. एम. पटेल यांच्या प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने याचे जे उत्तर दिले, ते मला आपल्या न्यायदानाच्या इतिहासातील अत्यंत समर्पक उत्तरांपैकी एक वाटते. न्यायालय म्हणाले, की तयार विडी नापसंत करण्याचा हक्क हीच परिणामकारक देखरेख आहे. म्हणजे ज्या छाटीने पिढ्यानपिढ्या बाईची मजुरी कापली, तीच छाट ती बाई मालकाची नोकर असल्याचा पुरावा ठरली! तपासणाऱ्याच्या हाताने बाजूला काढलेली विडी तिच्या भविष्यनिर्वाह निधीची साक्षीदार झाली. हा चमत्कार एका न्यायाधीशाच्या बुद्धीने झाला, असे मात्र कोणी समजू नये. संघटनांनी वर्षानुवर्षे छाटीच्या तक्रारी लिहविल्या, निरीक्षकांनी नोंदी केल्या, वकिलांनी धंद्याच्या रीती न्यायालयापुढे मांडल्या, तेव्हा कोठे ओट्यावरच्या अनुभवाला कायद्याची भाषा मिळाली.

कायदा आणि लोकशाही यांचे नाते मला येथे दिसते. कायदा लोकांच्या प्रतिनिधींनी केला, एवढ्याने तो लोकशाहीचा होत नाही. तो ज्याच्या अंगावर येऊन पडतो, त्याची तक्रार त्याच वाटेने वर जाऊन पुढच्या कायद्याचा मजकूर बदलू शकते की नाही, यावर ते ठरते. १९६१, १९६६, १९७४ आणि १९८५ या चार सालांत मिळून एका ओट्यावरचा प्रश्न चार वेळा वरखाली गेला. चोवीस वर्षे हा काळ थोडा नव्हे. त्या अवधीत मुली आया झाल्या आणि आया आज्या झाल्या. लोकशाहीच्या या मंदगतीचे समर्थन करण्याचे धार्ष्ट्य मजपाशी नाही. तथापि त्याच देशात, त्याच शहरात, तारेच्या कुंपणाआडच्या माणसाला वर्षानुवर्षे वर जाणारी कोणतीच वाट नव्हती, हे आठवले म्हणजे मंद वाट आणि बंद वाट यांतील अंतर कळते.

कुंभारीच्या वसाहतीला गोदावरी परुळेकरांचे नाव असावे, हे या संदर्भात फार उचित घडले आहे. कायद्याची पदवी घेणाऱ्या त्या महाराष्ट्रातील पहिल्या महिला. ती पदवी घेऊन त्यांना मुंबईच्या हायकोर्टात सुखाने वकिली करता आली असती. त्या गेल्या ठाणे जिल्ह्यातील वारल्यांमध्ये, जेथे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने जन्मभर सावकाराच्या घरी राबण्याची ‘लग्नगडी’ ही रीत चालू होती आणि वेठ तर रोजचीच होती. बेकायदा सक्तीची मजुरी हा दंडसंहितेत गुन्हा होता. संहिता ठाण्याच्या कचेरीत होती, आणि वेठ तिच्यापासून काही कोसांवर बिनधोक चालू होती. १९४५ पासून वारली संघटित झाले, त्यांनी वेठ नाकारली, तेव्हा त्या कलमाला अर्थ आला. कायदा शिकलेल्या बाईने कायद्याच्या पुस्तकाबाहेर जाऊन कायदा जिवंत केला, असे मी म्हणतो, आणि त्यांच्या राजकीय पक्षाशी ज्यांचे पटत नाही त्यांनीही एवढे मान्य करावे, अशी माझी अपेक्षा आहे.

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो साध्यासुध्या माणसाचा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीपुढील आपल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते, की आता सनदशीर मार्ग उपलब्ध झाले आहेत, तेव्हा कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग सोडून दिले पाहिजेत. आणि त्याच भाषणात त्यांनी असाही इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता हा विरोध फार काळ राहू दिला तर लोकशाहीचा डोलारा धोक्यात येईल. पुष्कळ लोक यांपैकी एकच अर्धे उद्धृत करतात, आणि कोणते अर्धे, ते त्यांच्या खुर्चीवर अवलंबून असते. सोलापुरातील कामगारांचे मोर्चे पाहून ‘हे सनदशीर आहे काय’ असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे, की निःशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातच आहे. तो बजावीत जिल्हाधिकारी कचेरीवर जाणारा मोर्चा हा अर्जाचाच एक प्रकार होय, फक्त तो अर्ज लिहिता न येणाऱ्यांनी पायांनी केलेला असतो. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील चळवळीने कुंभारीची घरे अशाच अर्जांतून मिळविली. १९७६ च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवून कामगारांच्या कल्याणनिधीची तरतूद केली होती. १९६० च्या सहकारी संस्थांच्या कायद्याने संस्था नोंदविता आली. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार स्त्रिया, असे तिघांचे पैसे एकत्र आले, आणि १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दहा हजार घरे सुपूर्त झाली. पुढे असंघटित कामगारांसाठी कुंभारीतच रे नगर उभे राहिले. तीस हजार घरांच्या त्या योजनेतील पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सुपूर्त केली. दोन निराळ्या पक्षांचे दोन पंतप्रधान, आणि तिसऱ्याच पक्षाची संघटना! या तिघांना ज्या एका गोष्टीने एकाच गावात आणले, ती म्हणजे सरकार बदलले तरी न बदलणारा हक्काचा कागद. सातबाराच्या उताऱ्यावर किंवा संस्थेच्या भागपत्रावर स्वतःचे नाव असलेली बाई कोणत्याही मंत्र्याची मिंधी राहत नाही.

या कहाणीचा शेवट सुखाचा आहे, असे सांगून मला वाचकाची दिशाभूल करावयाची नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, त्या वेळी विडीवरचा उपकर रद्द झाला, आणि कल्याणनिधीला धंद्यातूनच मिळणारा नेमस्त पैसा थांबून त्याची भिस्त अंदाजपत्रकावर आली. २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत केंद्राचे एकोणतीस कामगार कायदे चार संहितांत विलीन करण्यात आले. १९६६ चा विडी कामगार कायदाही त्यांत आला. त्यांतील तीन संहिता राज्यसभेत संमत झाल्या त्या २३ सप्टेंबर २०२० रोजी, विरोधी सदस्य बहिष्कार टाकून बाहेर असताना. घटनेच्या दृष्टीने त्या कायद्यांत वैगुण्य नाही. गणसंख्या होती, मतदान झाले, राष्ट्रपतींची संमती मिळाली. परंतु ज्या कायद्याचे एकेक कलम गोंदिया, मंगलोर आणि सोलापूर येथील भांडणांतून घासून तयार झाले होते, त्याच्या विलीनीकरणावर समोरची बाके रिकामी असताना शिक्का बसावा, याचे मला मनापासून दुःख आहे. वाद घालून हरलेल्या पक्षाला पुढच्या वेळी आपला वाद कोठून सुरू करावयाचा हे ठाऊक असते. वादच झाला नाही तर कायद्याचा हेतू शोधणाऱ्या उद्याच्या न्यायाधीशालाही हाती धरण्यासारखे काही मिळत नाही.

या संग्रहातील लेखकांची मते परस्परांशी नेहमी जुळतात असे नाही, आणि माझ्याशीही सर्वांचे जुळत नाही. न्यायालयांनी धोरणाच्या प्रश्नांत किती उतरावे, याविषयी तर दोन लेख एकमेकांसमोर उभे आहेत, आणि ते तसेच राहू द्यावेत असे मला वाटले. ज्याला कायद्याचा अभ्यास परीक्षेपुरता करावयाचा आहे, त्याला हे पुस्तक फारसे उपयोगी पडणार नाही. ज्याला ग्रामसभेत उठून बोलावयाचे आहे, ज्याच्या हाती एखादी नोटीस पडली आहे, किंवा ज्याच्या आईचा भविष्यनिर्वाह निधी कारकुनाच्या एका चुकीच्या अक्षरापायी अडकून पडला आहे, त्याने मात्र ते सावकाश वाचावे.

आणि प्रस्तावनेच्या मर्यादेत एक मागणी करण्याची मोकळीक मी घेतो. नव्या संहितांखालील नियम मराठीबरोबरच तेलुगू व कन्नड भाषांत छापून कुंभारीच्या वसाहतीत, जेथे बाया वळलेला माल घेऊन जमतात त्या जागी, मोठ्याने वाचून दाखविले जावेत. छाटीचा तंटा कोणत्या अधिकाऱ्यापुढे, किती दिवसांत आणि किती खर्चात निकाली निघेल, हे त्यांत एका वाक्यात लिहिलेले असावे. आणि वाचन झाल्यावर बायांनी जे आक्षेप सांगितले, ते कामगार आयुक्तांच्या कचेरीने लिहून घेऊन त्यांची पोच द्यावी.